एजन्सीचा करारनामा

“अमक्यांच्या मुलाला तमक्या कंपनीची एजन्सी मिळाली,” हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांतून नोकरी लागल्याच्या वार्तेइतक्याच आनंदाने उच्चारले जाते. त्यात नवल नाही. नोकरीत वरिष्ठांची मर्जी सांभाळावी लागते, स्वतंत्र धंद्यात सारा धोका एकट्याच्या शिरावर येतो. एजन्सीत मात्र नाव मोठ्या कंपनीचे आणि गल्ला आपला, अशी सर्वसाधारण समजूत असते. पेढे वाटले जातात, दुकानावर नवी पाटी चढते. या गडबडीत ज्या कागदावर सही झालेली असते तो कागद मात्र कपाटात जातो आणि बहुधा भांडण झाल्याखेरीज बाहेर येत नाही.

मी सव्वीस वर्षे एका बँकेत कर्जखात्यात काम केले. लहानमोठ्या वितरकांचे शेकडो करारनामे माझ्या हाताखालून गेले. परंतु त्यांतील अक्षरांचा अर्थ मला प्रथम कळला तो बँकेत नव्हे, तर आमच्या घरी.

माझे वडील इंदूरच्या सियागंज बाजारपेठेत घरगुती वापराच्या वस्तूंचे ठोक व्यापारी होते. एका कंपनीचा माल त्यांनी एकोणीस वर्षे विकला. प्रारंभी त्या मालाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. नाना सायकलवरून महू, देवास, धार येथपर्यंत जात, दुकानदारांना नमुने देत, माल उधारीवर ठेवून येत. कंपनीचे प्रतिनिधी दर महिन्यास येत आणि आमच्याच घरी जेवत. करारनामा आला तेव्हा आईने विचारले होते, “अहो, मागल्या पानावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे?” नाना हसून म्हणाले, “अगं, माणसे ओळखीची आहेत.”

विसाव्या वर्षी कंपनीचे पत्र आले. करार तीस दिवसांनी संपेल. नवा वितरक नेमला आहे. शेवटची बिले त्वरित भरावीत. अनामत रक्कम हिशेब पूर्ण झाल्यावर परत केली जाईल. कारण दिलेले नव्हते. गुदामात तीन महिन्यांचा माल पडून होता. बाजारात मोठी उधारी गुंतलेली होती. आणि नानांसाठी जामीन राहिलेले माझे काका, जे एका शाळेत शिक्षक होते, त्यांच्याही नावाने मागणीची नोटीस आली होती.

नाना ज्या वकिलांकडे गेले त्यांनी सर्व कागद शांतपणे वाचले आणि पहिलाच प्रश्न केला, “नानासाहेब, आपण त्यांचे एजंट होता की गिऱ्हाईक?”

या प्रश्नातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. आपण बोलण्यात ज्यास सरसकट एजंट म्हणतो त्यास कायदा तसे मानीलच असे नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्यातील कलम १८२ पासून २३८ पर्यंतचा भाग एजन्सीविषयी आहे. खरा एजंट धन्याच्या वतीने काम करतो. माल धन्याचा, एजंटास मिळते ते कमिशन. अशा माणसास कायद्याने काही आधार दिले आहेत. एजन्सी ठराविक काळ चालेल असे ठरले असेल आणि पुरेशा कारणावाचून ती आधीच मोडली, तर कलम २०५ प्रमाणे भरपाई मागता येते. कलम २०६ प्रमाणे ती मोडण्यापूर्वी वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते. कमिशन थकले असेल तर, विरुद्ध करार नसल्यास, हाती असलेला धन्याचा माल एजंट कलम २२१ अन्वये अडवून ठेवू शकतो.

पण जो पैसे मोजून माल विकत घेतो व आपल्या जबाबदारीवर पुढे विकतो, तो पाटीवर काहीही लिहिले तरी खरेदीदारच असतो. बिल फाटले की माल त्याचा. खपला तर नफा त्याचा, पडून राहिला तर तोटाही त्याचा. नानांच्या करारनाम्याच्या मागल्या पानावर नेमके हेच लिहिलेले होते: उभयतांचे नाते धनी आणि एजंट यांचे नसून विक्रेता व खरेदीदार यांचे राहील. एकोणीस वर्षे ज्यास आम्ही कंपनीचा माल म्हणत होतो, तो पहिल्या दिवसापासून आमचाच होता!

“पण एकोणीस वर्षांची सेवा?” नानांनी विचारले. वकील म्हणाले, “ती बाजाराला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही.”

पुढे बँकेत असताना सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मी कुतूहलाने मिळवून वाचले, तेव्हा वकिलांच्या या बोलण्याची सत्यता अधिकच पटली. अमृतसर येथील एका गॅस वितरकाचे प्रकरण १९९१ च्या निकालसंग्रहात प्रसिद्ध झाले आहे. इंडियन ऑईल कॉर्पोरेशनने त्यांचे वितरण रद्द केले होते. लवादाने ते रद्द करणे अयोग्य ठरवून वितरण परत देवविले. परंतु करारात तीस दिवसांच्या नोटिशीने तो संपविण्याची मुभा होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो करार स्वभावतःच असा संपविता येण्याजोगा आहे, तो न्यायालयाच्या हुकुमाने चालू ठेवता येत नाही. रद्द करणे चुकीचे असले तरी भरपाई मिळेल ती नोटिशीच्या तीस दिवसांतील मिळकतीपुरती. म्हणजे नोटिशीच्या मुदतीचा एक आकडा, जो सही करताना कोणी वाचतही नाही, तोच पुढे आपल्या साऱ्या कष्टांचे मोल ठरवून बसतो.

दुसरे प्रकरण जयपूरच्या एका वितरक कंपनीचे. तिचा इंडियन ऑईलशी वंगणतेलाच्या विक्रीचा करार होता. माल मोठ्या प्रमाणावर पडून राहिला व तंटा उपस्थित झाला. जयपूरची कंपनी राजस्थानातील न्यायालयात गेली. परंतु करारात कोलकात्याच्या न्यायालयांचा अधिकार चालेल असे कलम होते. त्यात ‘केवळ’ किंवा ‘फक्त’ असा शब्द नव्हता. तरीसुद्धा एका ठिकाणाचे नाव घेतले याचा अर्थ इतर ठिकाणे वगळली असाच होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. लहान व्यापाऱ्यास दुकान बंद ठेवून शेकडो मैलांवर दाद मागणे किती जड जाते हे सांगावयास नको. पुष्कळदा हक्क असतो. पण त्याच्यापर्यंत जाण्याचे भाडे परवडत नाही.

तथापि कायदा सर्वस्वी बलवंताचाच आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. नानांच्या करारात आणखी एक कलम होते: करार संपल्यानंतर दोन वर्षे त्यांनी दुसऱ्या कंपनीचा तशा प्रकारचा माल विकू नये. ते वाचून नाना खचून गेले होते. वकिलांनी मात्र त्यावर बोट ठेवून म्हटले, “हे पाण्यावरचे अक्षर आहे. खुशाल धंदा करा.” करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार कोणाही माणसास त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा ठराव तेवढ्यापुरता निरर्थक असतो. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवू नये, अशी अट मात्र चालू शकते. १९९५ साली कोका-कोला व गुजरात बॉटलिंग कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद दाखविला. अहमदाबाद व राजकोट येथे पेये बाटल्यांत भरून विकणाऱ्या त्या कंपनीचे भाग पेप्सीच्या बाजूकडे गेले होते. पण कोका-कोलाशी केलेला करार जिवंत असेपर्यंत दुसऱ्याची पेये हाताळू नयेत, ही अट न्यायालयाने ग्राह्य धरली. एकनिष्ठतेची अपेक्षा संसार चालू असेतोवरच असते, असे फार तर म्हणता येईल.

मालाच्या किमतीबाबतही वितरकाचे हात अगदीच बांधलेले नाहीत. छापील कमाल किमतीहून अधिक घेता येत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठरविल्याहून कमी किमतीस विकू नका, असा दंडक कंपनीने घातला व त्यामुळे बाजारातील स्पर्धेस बाध आला, तर तो २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३(४) खाली येतो. मारुती सुझुकीने विक्रेत्यांना अधिक सूट देण्यास मनाई केली, या कारणास्तव स्पर्धा आयोगाने २०२१ साली तिला दोनशे कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीने त्यावर अपील केले.

आमच्या घरातील सर्वांत कडू घास मात्र जामिनाचा होता. काकांनी सही केली ती भावाच्या प्रेमापोटी, आणि ती केवळ रीत म्हणून आहे या समजुतीने. करार अधिनियमाचे कलम १२८ सांगते की, अन्यथा ठरले नसल्यास जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोच्या दाराशी जावे, असा नियम नाही. दुकानदारांकडील आमची उधारी वसूल होवो वा न होवो, कंपनीची बिले देणे भागच होते. काकांच्या पगारावर आच येऊ नये म्हणून आईने आपल्या पाटल्या मोडल्या. याविषयी तिने कधी चकार शब्द काढला नाही. परंतु व्यवहाराचा कागद पुरुषांपुरता असतो, हा समज आमच्या घरातून त्या दिवशी कायमचा गेला. चालू व्यवहारासाठी दिलेला जामीन पुढील व्यवहारांपुरता धनकोस कळवून कलम १३० प्रमाणे मागे घेता येतो, हेही आम्हांस तेव्हाच समजले.

दोन महिन्यांनी नानांनी दुसऱ्या कंपनीचे काम घेतले. या वेळी करारनामा जेवणाच्या पाटाजवळ मोठ्याने वाचला गेला. आईच्या सूचनेवरून तीन गोष्टी लिहून घेतल्या: नोटीस सहा महिन्यांची, न खपलेला चांगला माल करार संपताच कंपनीने बिलाच्या किमतीस परत घ्यावा, अनामत साठ दिवसांत व्याजासह परत मिळावी. कंपनीने दोन गोष्टी लगेच मान्य केल्या, तिसरीसाठी नोटीस तीन महिन्यांवर आली. मागितल्यावाचून यांपैकी एकही मिळाली नसती.

कंपनी म्हणजे खलपुरुष, असे मला म्हणावयाचे नाही. माल न उचलणारा किंवा पैसे थकविणारा वितरक बदलण्याची मोकळीक तिलाही हवी. शिवाय आज पापड, मसाले, लोणची करणाऱ्या कित्येक भगिनी स्वतःच त्या जागी आहेत. एखाद्या व्यापाऱ्यास साऱ्या जिल्ह्याचे एकट्याचे हक्क देताना त्याने दरमहा किमान किती माल उचलावा, हे त्यांनी अवश्य लिहून घ्यावे. नाहीतर हक्क त्याच्या कपाटात आणि माल यांच्या कोठीत, अशी गत होते. सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या उत्पादकास मालाचे पैसे, करारात काहीही लिहिले तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आत मिळावयास हवेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

वितरण हा विश्वासाचाच धंदा आहे आणि तो तसाच असावा. पण ज्या प्रतिनिधीस आपण जेवू घालतो त्याची बदली होते, ज्या साहेबाने शब्द दिला तो निवृत्त होतो. मागे राहतो तो केवळ कागद. म्हणून विश्वासाची माणसे असतानाच, मने निर्मळ असतानाच, तो कागद नीट लिहून घ्यावा. आणि सही करण्यापूर्वी घरातील सर्वांसमक्ष एकदा मोठ्याने वाचावा. कारण सही एकाची असली तरी तिचा भार साऱ्या घराने वाहावयाचा असतो.