सुनेला आलेलं पत्र



चातुर्मासात हिरव्या भाज्यांशिवाय स्वयंपाक कसा करायचा यावर माझं बरंच लिहून झालं. आज विषय ऑफिसचा आहे. नोकरी मी कधी केली नाही. बी.कॉम. झाले, लग्न झालं, आणि घरच्या भुसार दुकानाचा रोजमेळ तेवढा वीस वर्षं लिहिला. तरी लिहिते आहे, कारण आपल्या लेकी-सुना आता पुण्या-मुंबईत कंपन्यांत आहेत आणि त्यांच्यातल्या एखादीला कधीतरी हे पत्र येतंच. त्याला परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन म्हणतात. मुली नुसतं ‘पिप’ म्हणतात. तुमचं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतंय, तीस, साठ किंवा नव्वद दिवसांत सुधारा, नाहीतर पुढची कारवाई होईल, असा त्याचा मतितार्थ. घरात कुणी याबद्दल बोलत नाही. सासरी तर नाहीच नाही.

आमच्याकडे हे पत्र 2023 च्या मे महिन्यात आलं. सून पुण्यातल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांची बिलं तपासून पैसे सोडायच्या खात्यात होती, सहा वर्षं झाली होती. नातू अकरा महिन्यांचा. ती घरी आली, बाळाला घेतलं आणि म्हणाली, “आई, मी राजीनामाच देऊन टाकते. बाळाकडे तरी बघेन.”

मी म्हटलं, “बाळाकडे बघायला मी आहे. राजीनामा काय, साठ दिवसांनीही देता येतो.”

राजीनाम्याचा सल्ला तिला ऑफिसातूनच तोंडी मिळाला होता. सन्मानाने बाहेर पडा, रेकॉर्डवर काही येणार नाही, वगैरे. म्हणून आम्ही आधी तोच हिशोब मांडला. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची अट असते, ती तिची पूर्ण होती. मूळ पगाराला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार 30,000 धरला तर सहा वर्षांचे 1,03,846 रुपये होतात. ते राजीनामा दिला तरी बुडत नाहीत. पण कंपनीचा आरोग्य विमा जातो, आणि त्यात बाळ होतं. घराचा हप्ता मात्र तसाच राहतो. मुलगा तोवर गप्प होता. विम्याचं ऐकून तोही म्हणाला, थांबू या.

पत्रावर सही हवी होती, तीही त्याच दिवशी. सही न करणं म्हणजे भांडण, आणि नुसती सही केली की सगळं मान्य केल्यासारखं. तिने सहीखाली लिहिलं: पत्र मिळाले, वाचले, उत्तर वेगळे देत आहे. तारीख घातली. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

मग पत्र नीट वाचलं. त्यात दोन आरोप होते. एक, वर्षाचं उद्दिष्ट 9,600 बिलांचं असताना काम 4,650 चं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दोन, 11 चुका.

आता गंमत बघा. वर्ष होतं एप्रिल 2022 ते मार्च 2023, आणि त्यातले 26 आठवडे, जूनच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, ती बाळंतपणाच्या रजेवर होती. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. 365 मधून 182 गेले, उरले 183. उद्दिष्ट महिन्याला 800 चं, सहा महिन्यांचं 4,800. तिचं काम 4,650. म्हणजे शेकडा 97. बँक रिकन्सिलिएशन करताना मोठा फरक दिसला की पहिल्यांदा तारखा बघायच्या, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. हे गणित त्या कंपनीतल्या कुणाला सुचलं नाही, की सुचवून घ्यायचं नव्हतं, ते मी सांगू शकत नाही. एवढा मोठा फरक कागदावर छापून द्यायचा आणि बाईने तो खाली मान घालून वाचायचा, याचा मला राग आला तो आजही आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे, तेही माहीत असावं. तेव्हा लागू होता तो 1961 चा प्रसूती लाभ कायदा. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. त्या रजेत किंवा रजेच्या कारणावरून बाईला कामावरून काढता येत नाही, तिच्या नोकरीच्या अटीही तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. रुजू झाल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला पाजायला सुट्टी असते, हे तर सुनेलाही ठाऊक नव्हतं. पण पहिल्या उत्तरात आम्ही कलम-बिलम काही घातलं नाही. तारखा आणि भागाकार तेवढे घातले. वकिलाची भाषा आली की समोरचाही वकिलाकडे जातो, आणि मग ज्याच्याशी रोज बसून काम करायचं त्याच्याशी बोलणं संपतं. तारखांनी काम झालं नसतं तर पुढचं बघितलं असतं.

चुकांचं प्रकरण जास्त नाजूक होतं. पत्रात आकडा होता, यादी नव्हती. तिने यादी मागितली, ती चार दिवसांनी आली. दोन चुका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या निघाल्या, तेव्हा ती रजेवर घरी होती. दोन ठिकाणी पुरवठादाराची माहितीच सिस्टीममध्ये जुनी होती, ते काम दुसऱ्या टीमचं. उरलेल्या सात तिच्याच होत्या, आणि त्यांत एका बिलाचे पैसे दोनदा गेले होते. दुकानदाराच्या घरात राहिलेल्या बाईला हे किती मोठं ते कळतं.

सुनेने पहिला मसुदा लिहिला त्यात अकराच्या अकरा चुकांबद्दल माफी होती. म्हणाली, “माफी मागून मोकळी होते, आई. आपल्यात क्षमा मागायला कमीपणा नसतो ना?” मी तिला म्हटलं, प्रतिक्रमणात आपण आलोचना करतो ती आपल्या दोषांची. न केलेला दोष कबूल करणं हे विनयात बसत नाही, ते असत्यच झालं. आणि जे सात आपले आहेत तिथे कारणं पुढे करायची नाहीत. तिने सात चुका तारखेसकट मान्य केल्या. दोनदा गेलेले पैसे कसे परत आले आणि आता पैसे सोडण्याआधी बिल क्रमांक दोनदा कसा तपासते, तेही लिहिलं. रजेवरून आल्यावर तिला नवीन सिस्टीमवर बसवलं होतं, शिकवणी न देता. ती तक्रार म्हणून लिहिली नाही, मागणी म्हणून लिहिली: दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं.

शेवटी तीन प्रश्न होते. साठ दिवसांत नेमकी किती बिलं आणि किती चुका म्हणजे ‘सुधारणा’? दर आठवड्याला कोण तपासणार? निकाल लेखी मिळणार का? ‘जबाबदारीची जाणीव वाढवावी’ असलं वाक्य पत्रात होतं. जाणीव कुणी मोजायची? सगळं उत्तर दीड पानात बसलं.

पाच दिवसांनी सुधारलेला कागद आला. महिन्याला 800 बिलं, चुका दोनपर्यंत. प्रशिक्षण मिळालं, दोन अर्धे दिवस. आधीच्या गणिताबद्दल एक अक्षर नव्हतं. मग दर शुक्रवारी मॅनेजरसोबत बैठक, आणि बैठक संपली की तासाभरात तिचा ई-मेल: आज असं ठरलं, या आठवड्याचे आकडे असे, काही राहिलं असल्यास कळवावे. मॅनेजर बहुतेकदा उत्तरच देत नसे. तरी ती पाठवत राहिली. घरी मात्र कंपनीचा एकही कागद आणायचा नाही, स्वतःच्या मेलवर काही पाठवायचं नाही, हे मी तिला बजावलं होतं. त्यावरून नोकऱ्या गेलेल्या आहेत. वहीत फक्त तारीख आणि बिलांची संख्या.

ते दोन महिने सोपे नव्हते. ती रात्री उठून बसायची, बाळ रडत नसतानाही. वजन उतरलं. ‘तू जात्याच आळशी असतीस तर सहा वर्षं ठेवली असती का’ असं मी म्हणायचे, त्याचा किती उपयोग झाला कुणास ठाऊक. तिच्याच खात्यातली एक मुलगी, तीही बाळंतपणाहून आलेली, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी राजीनामा देऊन गेली होती. तिच्या पत्रात कुठला आकडा होता, ते कुणी बघितलं नाही.

साठ दिवसांची बेरीज 1,640 झाली, चूक एक. प्लॅन बंद करत असल्याचं एका ओळीचं पत्र आलं. सून पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहिली, मग दुसरीकडे लागली, आपल्या मर्जीने.

तुमच्या घरात असं पत्र आलं असेल तर लेकीला म्हणावं त्या दिवशी काही लिहू नकोस, आणि मला फोन करायला सांगा. आमचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यानंतर मी मोकळीच असते.