हातजाळ्याची निवड

गळ टाकून तासन्‌तास नदीकाठी बसणाऱ्यांस लोक आळशी समजतात. आम्हां दोघां भावांवरही हा आरोप अनेकदा आला असून तो आम्ही निमूटपणे सोसला आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या हातून जे घडले, त्याचे समर्थन आम्हांस करता आले नाही.

आमचे आजोळ बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेच्या काठी आहे. त्या सकाळी आमच्या गळाला एक रोहू लागला. काठ खडकाळ व पाण्यापासून बराच उंच. हाताशी जाळे नव्हते. म्हणून आम्ही त्यास खडकावरून फरफटत वर ओढले. तो अर्धा किलोही भरला नसता. एवढे लहान मासे परत सोडावयाचे, असा मामांचा नियम. आम्ही तो पाण्यात सोडला आणि पुण्य केल्याच्या समाधानात पुन्हा गळ टाकला. घटकाभराने तोच मासा पांढरे पोट वर करून प्रवाहाबरोबर वाहत गेला. त्याचे खवले खडकाला चिकटून उन्हात चमकत होते.

मामा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “सोडलात म्हणून तो सुटला असं नव्हे, पोरांनो. धरतानाच मारलात, मग सोडण्याला काय अर्थ?”

दुसऱ्याच दिवशी आम्ही मामांसह बेळगावच्या बाजारात गेलो. नव्या गळकाठीसाठी साठविलेले पैसे खिशात होते. दुकानदाराने प्रथम गाठींच्या नायलॉनचे एक स्वस्त हातजाळे दाखविले. ते आम्हांस फार आवडले. पण मामांनी त्याच्या गाठी आमच्या तळहातावर घासून दाखविल्या. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत होय. खरखरीत गाठींनी तो थर व खवले निघाले, की जखमेवर बुरशी धरते. शिवाय अशा जाळीत गळ अडकतो व तो सोडविताना मासा फार वेळ पाण्याबाहेर राहतो. रबरी जाळीत हे दोन्ही दोष कमी. मात्र ती जड असते आणि तिची किंमतही अधिक!

पुढचा प्रश्न तोंडाचा. कटल्याचे डोके मोठे व अंग रुंद. अरुंद कड्यात तो मावत नाही. म्हणून रुंद तोंडाचे, पण फार खोल नसलेले जाळे आम्ही निवडले. खोल पिशवीत मासा गुरफटतो. दांडा किती लांब असावा, हे दुकानात नव्हे, काठावर ठरते. आमचा काठ उंच; तेव्हा लांब होणारा अॅल्युमिनियमचा दांडा घेतला. सर्व पैसे खर्ची पडले. गळकाठी राहिली.

जाळे घेतल्याने ते वापरण्याची विद्या येत नाही, हेही आम्ही शिकलो. जाळे आधी भिजवावे. ते पाण्याखाली स्थिर धरून थकलेला मासा त्यावर आणावा; जाळे घेऊन माशामागे धावू नये, कारण कड्याचा धक्का लागून दोर तुटतो. मासा आत आला, की लांब दांड्याने उचलू नये, दांडा वाकतो. जाळे काठाशी ओढून कडे हाताने धरावे.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एक लहानसा रोहू लागला. आम्ही त्यास जाळ्यात घेतले, पाण्यातच गळ काढला आणि जाळे हळूच कलते केले. तो क्षणभर थबकला व शेपटीचा एक फटकारा देऊन खोल पाण्यात गेला. आम्ही बराच वेळ प्रवाहाकडे पाहत बसलो. काहीही वर आले नाही. जुन्या गळकाठीची आम्हांस तेव्हा लाज वाटली नाही.