मुदत नसलेला दावा

वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे तो पुरावा म्हणून पाहतो. कोण काय बोलले यापेक्षा कोण कोठे गप्प राहिले, याची नोंद त्याच्या मनात आधी होते. इंदूरच्या न्यायालयात वीस वर्षे काढल्यावर ही खोड आपल्याही अंगी पुरती मुरली आहे, असे मी समजत होतो. परंतु माझ्याच देवघरातला एक पुरावा मी तीन महिने डोळ्यांआड केला, हे ध्यानात आले आणि तो अभिमान ओसरला. ही हकीकत लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. जिची ती आहे त्या माझ्या वहिनींनीच अखेर निकाल दिला, "लिही. माझे नाव घालू नकोस. दुखण्याचे नाव मात्र नीट घाल."

आमचे घराणे मूळचे गोव्याचे. श्रीशांतादुर्गा आमची कुलदेवता. पणजोबा होळकरशाहीत नोकरीस आले आणि आम्ही इंदूरकर झालो. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कोंकणी मात्र पेटीतल्या शालूसारखी, प्रसंगविशेषीच बाहेर निघणारी. वहिनी मडगावकडच्या. बाविसाव्या वर्षी त्या या घरात आल्या तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझी मुंज, परीक्षा, लग्न, सारे त्यांच्याच हातांखालून गेले. पस्तीस वर्षे नवरात्रातल्या अखंड दिव्याची वात त्यांनीच सांभाळली.

२०१९ च्या नवरात्रात त्या दिव्यापाशी वहिनी दिसल्या नाहीत. "यंदा तू बघ," असे त्यांनी माझ्या पत्नीला सांगितले आणि त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. त्याआधी श्रावणातल्या सत्यनारायणाला त्या अशाच दूर राहिल्या होत्या. गणपतीच्या नैवेद्यालाही त्यांचा हात लागला नव्हता. तिन्ही वेळा घरातले पुरुष जे करतात तेच मी केले: मान खाली घालून पुढच्या कामास लागलो. सत्तावन्न वर्षांच्या, सात वर्षांपूर्वी या साऱ्यातून मोकळ्या झालेल्या बाईला ही अडचण पुन्हा कशी यावी, हा प्रश्न माझ्या कायदेपंडित बुद्धीला शिवला नाही. तो विचारला माझ्या अकरावीतल्या मुलीने, आणि तोही भर पंगतीत. पंगत स्तब्ध झाली. मी मागच्या खोलीत गेलो. वहिनी म्हणाल्या, "कांय ना रे." त्यांनी कोंकणीचा आसरा घेतला, तेव्हाच काहीतरी आहे, हे मला कळले.

चालीरीतींचा वाद मला येथे काढावयाचा नाही. मला एवढेच दिसते की, जी चाल बाईला चार दिवस विसावा देण्याचेही काम करीत असेल, तिनेच आमच्या घरी एका रोगाला तीन महिने आडोसा दिला. वहिनी दूर बसल्या की सर्वांना कारण ठाऊक होते, आणि ठाऊक असलेले कारण कोणी विचारीत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयाचे अस्तर बरेच जाड झाले होते. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव होतो आणि हे अस्तर चार मिलिमीटरांहून जाड भरते, तेव्हा त्याचा तुकडा काढून तपासतात. तसा तो काढला. कर्करोग निघाला नाही, नुसती वाढ निघाली. डाव्या अंडाशयात एक गाठ होती, पण सीए १२५ ही रक्ततपासणी निर्दोष आल्याने ती साधी ठरली. गोळ्या मिळाल्या. आम्ही खजराण्याच्या गणपतीला नारळ वाहून आलो.

स्राव थांबला नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद वाचले आणि एकच प्रश्न केला, "हे अस्तर इस्ट्रोजेनवाचून वाढत नाही. यांची पाळी जाऊन सात वर्षे झाली, अंगाने या स्थूल नाहीत, बाहेरून काही घेत नाहीत. मग ते येते कोठून?" मला वरमल्यासारखे झाले. अपसंपदेच्या खटल्यात आम्ही दुसरे काय विचारतो? पगार एवढा, बंगला एवढा. मधला पैसा कोणी पुरवला?

पुरवणारी ती गाठच होती. अंडाशयात बीजाभोवती ज्या पेशींचे वेष्टण असते त्यांना ग्रॅन्युलोसा पेशी म्हणतात. इस्ट्रोजेन बनविणे हे त्यांचे नित्यकर्म. क्वचित त्याच पेशी बेबंद वाढतात आणि आपले नित्यकर्मही चालू ठेवतात. अंडाशयाच्या शंभर कर्करोगांत असे दोन ते पाच. नेहमीचा अंडाशयाचा कर्करोग मूकपणे पोटात पसरतो. हा त्या मानाने बोलका, रक्तस्रावाच्या रूपाने पुष्कळदा लवकर वर्दी देणारा. मात्र सीए १२५ ला तो बहुधा सापडत नाही. त्याचा साक्षीदार वेगळा. इन्हिबिन नावाचे संप्रेरक. वहिनींच्या रक्तात ते कितीतरी पट वाढलेले निघाले.

मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली. गाठ न फोडता अखंड बाहेर काढणे हेच त्यातले कौशल्य. ती फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि रोगाची पायरी वाढते. तरुण स्त्रीला मूल हवे असेल आणि रोग एकाच अंडाशयात असेल तर तेवढेच काढून भागते. वहिनींचे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढली. गाठ अखंड निघाली.

तरी निदानावर दुसरे मत हवे होते, म्हणून काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे रुमालात गुंडाळून मी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस गेलो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसविली. हे आडनाव ऐकले की वेंगुर्ल्याजवळचे खानोली गाव आठवतेच. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशींच्या संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, आणि रुग्णालयापुढचा रस्ता गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्या नावाचा आहे. त्या रस्त्यावर पदपथावर बसलेली कुटुंबे पाहिली, आणि आपले दुःख फार मोठे आहे ही समजूत मी तेथेच सोडली.

निदान कायम झाले. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या केंद्रकावर कॉफीच्या बीसारखी एक उभी चीर दिसते. शंका राहिली तर जनुक तपासतात: २००९ साली कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले की, प्रौढ वयातल्या या गाठींपैकी जवळजवळ सर्वांत फॉक्सएल२ या जनुकातले एकच अक्षर, तेच अक्षर, बदललेले असते. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात एका अक्षराची खाडाखोड! रोग पहिल्याच पायरीवर होता. वहिनींना केमोथेरपी द्यावी लागली नाही.

मी सुटकेचा निःश्वास टाकून विचारले, "म्हणजे प्रकरण निकालात निघाले?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रोग दहा, वीस वर्षांनीही परत येतो. म्हणून जन्मभर तपासत राहायचे. आला तर पुन्हा शस्त्रक्रिया, गरजेप्रमाणे औषधे."

दिवाणी हुकूमनामा बारा वर्षांत बजावून घेतला नाही तर तो कागद राहतो; आमच्या कायद्याची ही दया आहे. निसर्गाच्या दरबारात मुदतीचा कायदा नाही. ती रात्र मी जागून काढली. वहिनी मात्र निवांत झोपल्या. सकाळी पोह्यांची बशी पुढे ठेवीत म्हणाल्या, "तू तारखांवरच पोट भरतोस ना? मग मी चार तारखा घेतल्या तर बिघडले काय?"

तेव्हापासून त्यांच्या तारखा चालू आहेत. प्रत्येक वेळी इन्हिबिनचा आकडा येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. त्या एकट्या बोलत असतात. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे देताना त्या प्रत्येक प्रौढ बाईला जवळ बसवून सांगतात, "पाळी गेल्यावर एक ठिपका जरी दिसला तरी दाखव. बहुतेकदा काही नसते. पण नाही, हे डॉक्टरांनी म्हणायचे, आपण नाही." पहिल्या वर्षी दोघी-तिघी संकोचून उठून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांतलीच एक सर्वांच्या मागे थांबली आणि वहिनींच्या कानाशी लागली.

यंदाच्या नवरात्रात वात वहिनींनी लावली. मी दिव्यात तेल घातले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच, सर्वांच्या देखत, त्यांना विचारले, "वहिनी, प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे रे," त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, म्हणून मी विश्वास ठेवला.