पिल्लू आणि उपविधी

चि. भाच्यास,


गृहनिर्माण संस्थेत कुत्रे-मांजर पाळण्यास सरसकट बंदी घालणारा ठराव बहुमताने झाला, तरी कायद्यापुढे टिकत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. फिरवण्याच्या वेळा ठरवणे, साखळीचा व स्वच्छतेचा आग्रह धरणे एवढेच संस्थेच्या हाती उरते. लिफ्टही बंद करता येत नाही. तुमच्या संस्थेच्या ठरावातल्या ‘आठ दिवसांत प्राणी बाहेर’ या ओळीखाली सही कोणाची, हे पाहायला प्रत दोनदा वाचावी लागली. लहानपणी आपल्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवर डोके टेकून पाढे पाठ करणारा तूच तो चिटणीस!

पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे ठराव पाळणारा पालक पिल्लाला प्रकाशा गावाच्या रस्त्यावर सोडून आला, की गुन्हेगार तोच. उलट संस्थेतल्या कोणत्याही गॅलरीत पिंजऱ्यातला हिरवा पोपट निमूट खपतो. वन्यजीव कायदा त्याला घरात ठेवू देत नाही, हे मात्र कोणत्याच ठरावात येत नाही. (तुझ्या सासुरवाडीचा पोपट आठवला, म्हणून लिहिले.) लव्हबर्ड, बजरीगर हे परदेशी पक्षी, त्यांची गोष्ट वेगळी.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मूल आणि जनावर यांची सोबत जुनी. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर शेळी राखणे, संध्याकाळी कोंबड्या झाकणे ही मुलांची कामे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचे वय दातांवरून सांगणारी पोरे भेटतात. शिक्षणासाठी हीच कुटुंबे शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर येतात, तेव्हा अंगणातले एकच काहीतरी बरोबर येऊ शकते, ते बहुधा पिल्लू. वेळेवर पाणी ठेवायला शिकवणारे दुसरे पुस्तक नाही. यावर एरवी चार पाने लिहून झाली असती.

जनावर मुलापासून काढून घ्यावे लागते, असे प्रसंगही असतात. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ नवापुरात निघाली. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबरोबर अंगणातल्याही मारल्या गेल्या. त्यांत कुणा मुलाची नाव ठेवलेली तलंग असणारच. पण तिथे रोग होता, ठरवलेला परीघ होता, डॉक्टर होते. इथे लिफ्टमधल्या वासाची तक्रार.

खरा धोका रेबीजचा, आणि त्यावर ठरावात एक अक्षर नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस, मग बूस्टर, पुढे दरवर्षी: हा दाखला मागणे संस्थेला सहज जमते. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून आणि जिन्यापासून दूर ठरवा, असे २०२३ चे नियम सांगतात. तेही करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेबीजचा संशय असलेले प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करून ती पूर्ण करणे आणि रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही घेणे, याने जीव वाचतो. लक्षणे दिसल्यावर मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही.

बंदी कडक असली, की मूल आधी पिल्लू लपवते आणि मग चावाही. चावल्याचे सांगितले तर पिल्लू जाईल, हा त्याचा हिशोब. फोनवर तूच म्हणालास, की दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा पिल्लाला गच्चीवर टाकीमागे ठेवतो आणि गेले दोन दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. या उन्हाळ्यात?

ठरावाचे नंतर पाहता येईल. हे पत्र मिळताच वर जा, त्या मुलाला रागावू नकोस, बाही वर करून बघ.

तुझा
मामा