टॉमशी कोणी बोलत नाही

संप मोडणाऱ्या माणसाची कणव यावी, हे माझ्यासारख्या युनियनच्या बाजूच्या माणसाला सहजी मानवत नाही. तरी १९६० सालचा 'द अँग्री सायलेन्स' पाहताना मी शेवटपर्यंत टॉम कर्टिसच्या बाजूने होतो, आणि ती अस्वस्थता अजून गेलेली नाही.

टॉम इंग्लंडातल्या एका गावात कारखान्यात काम करतो. बायको ॲना इटलीची, दोन मुलं, तिसऱ्याची चाहूल. ट्रॅव्हर्स नावाचा माणूस आगगाडीने गावात उतरतो, कारखान्यात लागतो आणि स्वतः मागे राहून युनियनचा पुढारी कॉनली याच्याकरवी संप घडवून आणतो. टॉम कामावर जातो. संप मिटतो आणि टॉम वाळीत पडतो.

दिग्दर्शक गाय ग्रीन मूळचा कॅमेरामन, त्या कामासाठी ऑस्कर मिळवलेला. चित्रीकरण इप्सविचमधल्या खऱ्या कारखान्यात झालं. यंत्रांचा एवढा खडखडाट आणि त्यात एका माणसाला कुणाचाही शब्द नाही. कँटीनमध्ये अखेर त्याचा बांध फुटतो. तो ओरडतो, डिवचतो, कुणीतरी निदान शिवी तरी द्यावी म्हणून. कोणी देत नाही. टॉम झालेल्या रिचर्ड ॲटनबरोचा चेहरा तिथे बघवत नाही. पुढे शाळेतली पोरं टॉमच्या मुलाला काळं फासतात. मोठ्यांचा बहिष्कार मुलांनी असा उचलला.

चित्रपटाचं राजकारण मात्र मला पटत नाही. कामगारांच्या मागण्या काय, त्या रास्त होत्या का, याला पटकथेत फारशी जागाच नाही. ट्रॅव्हर्सच्या मागे कोण, तेही कळत नाही. 'बाहेरच्यांनी फूस लावली' हे तर प्रत्येक संपाबद्दल मालक म्हणतच आलेत. ब्रायन फोर्ब्जच्या या पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं, पण तिने कामगारांना मेंढरांचा कळप केलं, याचा मला राग आहे.

याच ॲटनबरोने पुढे १९८२ साली 'गांधी' दिग्दर्शित केला. बहिष्कार हे दुबळ्यांचं हत्यार, हे त्या चित्रपटात साऱ्या जगाने पाहिलं. इथे तेच हत्यार शेकडो लोक एकट्यावर चालवतात, आणि तोही त्यांच्यासारखाच पगारावर जगणारा.

मला सगळ्यात जास्त बोचतो तो जो वॉलेस. टॉमचा मित्र, त्याच्याच घरात भाड्याने राहणारा. त्याला कुठलीच बाजू घ्यायची नसते, फक्त भानगड नको असते. मारहाणीत टॉमचा डोळा गेल्यावर तो पेटून उठतो, मारणाऱ्या पोराला बदडत सगळ्या कामगारांपुढे ओढून आणतो. चित्रपट इथे त्याला मोकळा करतो. मला तसं करता येत नाही. त्याला संप मोडायला कोणीच सांगितलं नव्हतं. कँटीनमध्ये आपलं ताट उचलून टॉमशेजारी बसायचं, एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेव्हा टॉमचे दोन्ही डोळे शाबूत होते.