हं, बोल

ती. मावशी,


लॅपटॉपचं बटण दाबल्यावर तो उठला की नाही हेच कळत नाही, तेव्हा सुरू झाल्यावर त्याने माझ्या आवाजात काहीतरी बोलावं, असं तू फोनवर म्हणालीस. करू या. फक्त आवाज माझा नको, काकांचा घेऊ. माझा आवाज खोलीत आला तर तू क्षणभर दाराकडे वळशील आणि मी तिथे नसेन. ते मला नको आहे.

ज्यांना पडदा दिसतो त्यांना सुरुवातीची धून ऐकू आली नाही तरी चालतं. काचबिंदूने तुझी नजर गेल्यापासून मात्र ती खूण हाच तुझा पडदा आहे. शिवाय दिवसभर तुला पडद्यावरचं सगळं एनव्हीडीए हा प्रोग्राम वाचून दाखवणार. मायकल करन आणि जेम्स तेह या दोघा अंध ऑस्ट्रेलियनांनी तो उभा केला, २००६ पासून, आणि जगाला फुकट दिला. त्यांचे उपकार मोठेच. पण त्याचा मराठी आवाज शेवटी यंत्राचा. पहिला आवाज तरी घरातला असू दे.

काका लाजतील. त्यांना एल्वुड एडवर्ड्‌सची गोष्ट सांग. अमेरिकेत त्याची बायको, पुढे एओएल ही ऑनलाइन सेवा झालेल्या कंपनीत कामाला होती. कंपनीला आवाज हवा आहे हे कळल्यावर तिने नवऱ्याचं नाव सुचवलं. १९८९ मध्ये त्याने घरच्या बैठकीत कॅसेट रेकॉर्डरवर चार छोटी वाक्यं बोलून दिली: स्वागत, टपाल आल्याची वर्दी, फाईल उतरल्याची खबर आणि निरोप. लाखो लोकांच्या घरात तो आवाज पोचला. स्टुडिओ नाही, काही नाही. बायकोने सांगितलं आणि तो बोलला.

वाक्य लहान हवं, आणि रोज ऐकून विटणार नाही असं. विंडोज ९५च्या धूनसाठी संगीतकार ब्रायन इनोकडे सव्वातीन सेकंदांचा तुकडा मागितला होता. त्याने ८४ करून पाहिले. 'सुप्रभात' नको, तू संध्याकाळीही बसतेस. तू हाक मारलीस की काका नेहमी 'हं, बोल' म्हणतात ना, तेच घ्या. मला तरी त्याहून चांगलं काही सुचत नाही.

आता जोडणी. विंडोजची स्वतःची धून पूर्वी एक्सपीत सहज बदलता यायची, आता ती प्रणालीच्या पोटातच असते. मला ते सोयीचंच वाटतं. ती मी चालू करून ठेवेन. धून वाजली की पासवर्ड टाईप करायचा. तो बरोबर पडला की काका बोलतील, म्हणजे तू आत आलीस. दोन पायऱ्यांच्या दोन खुणा. काकांचा आवाज मी टास्क शेड्युलरमध्ये लावेन आणि काही सेकंद मागे ठेवेन, नाहीतर ते आणि एनव्हीडीए एकाच वेळी बोलतील आणि तुला दोघांचंही कळणार नाही.

रेकॉर्डिंग आतल्या खोलीत करा, गाद्यांच्या कपाटाशेजारी. तिथे आवाज घुमत नाही. पंखा बंद. फोन तोंडासमोर नको, वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा. 'बोल'मधल्या ब ला श्वास माईकवर आदळतो आणि फट्‌कन आवाज येतो. 'भ' किंवा 'फ' असता तर अजूनच. काकांना सांग, रेडिओवर बोलल्यासारखं नको. तू खरंच स्वयंपाकघरातून हाक मार आणि त्यांना उत्तर देऊ दे. तुझी हाक मी कापून टाकेन.

फाईल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, त्यात आवाज फार दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ती वेव्हमध्ये बदलून, पुढची मागची शांतता छाटून मी रविवारी येते आणि लावून देते. वाक्य आवडेनासं झालं की कळव, दुसरं घालू.

तुझी भाची