घरचे पैसे, शून्य टक्के

गेल्या वर्षी आम्ही फ्लॅट घ्यायचं ठरवलं. दांडिया बाजारातलं आमचं बिऱ्हाड आजोबांच्या वेळचं. जागा तशी पुरते, पण जिना उभा आणि आईचे गुडघे दुखरे. लिफ्ट असलेलं घर हवं, एवढीच अट होती.

नोंदणीचा खर्च धरून घर ५५ लाखांना पडत होतं. माझ्याकडे १५ लाख होते. उरलेल्या ४० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता ३९,३९० रुपये. आकडा ऐकून बाबा म्हणाले, "अरे, माझे १२ लाख पोस्टात पडलेत, ते घे. बँकेला कशाला व्याज द्यायचं? शेवटी घर आपल्या सगळ्यांचंच आहे."

मी सॉफ्टवेअरवाला. लगेच एक्सेल उघडलं. बाबांचे १२ लाख घेतले की कर्ज २८ लाखांवर येतं, हप्ता ११,८१७ रुपयांनी कमी होतो आणि १५ वर्षांत सुमारे ९ लाख २७ हजारांचं व्याज वाचतं. पैसे कुठून येणार त्याचा रकाना केला. 'बँक' लिहिलं, समोर ८.५ टक्के. 'बाबा' लिहिलं, समोर ० टक्के. निर्णय झाल्यातच जमा होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या गुजराती काकांकडे बसलो होतो. त्यांचं रावपुऱ्यात कापडाचं दुकान आहे, जागा स्वतःची. ते वर्षाचा हिशेब करत होते आणि खर्चात दुकानाचं भाडं लिहीत होते. मी म्हटलं, काका, दुकान तर तुमचंच ना? चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "पोतानी छे एटले मफत छे?" स्वतःची आहे म्हणजे फुकट आहे का? दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलंच असतं. ते वजा करूनही काही उरलं तर धंद्यात कमावलं म्हणायचं. नाहीतर जागेचं भाडं खाऊन आपण धंदा करतोय अशी नुसती समजूत.

घरी आल्यावर तो ० डोळ्यांत खुपायला लागला.

कंपन्या ज्याला भांडवलाचा खर्च म्हणतात, तो हाच. पैसा बँकेचा असो की मालकाचा, तो दुसरीकडे ठेवला असता तर जे मिळालं असतं, ती त्याची किंमत. भागीदारीच्या धंद्यात भागीदाराच्या भांडवलावरही व्याज लावतात, आणि करारात तसं लिहिलेलं असेल तर प्राप्तिकर खातंही वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतचं असं व्याज खर्च म्हणून मान्य करतं. कंपनीत तर मालकाचा पैसा कर्जापेक्षा महाग धरतात. कारण वाईट दिवस आले की आधी बँकेचा हप्ता जातो, मालकाच्या हाती उरलंसुरलं येतं.

घरातही असंच असतं. आमच्या क्षेत्रात नोकऱ्या कशा जातात ते आपण बघतोच. माझी गेली तर बँकेचा हप्ता मी कसाही भरेन, पण बाबांना म्हणेन, "बाबा, यंदा जरा थांबा." ते थांबतीलही. म्हणजे सगळ्यात जास्त जोखीम त्यांच्या पैशावर, आणि मी समोर लिहिलं होतं शून्य.

मग मी बाबांचे १२ लाख नेमके काय करतात ते पाहिलं. बाबा खासगी कारखान्यातून निवृत्त झाले, पेन्शन नावापुरती. २०२३ साली त्यांनी हे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. दर ८.२ टक्के, पाच वर्षं तोच. दर तिमाहीला २४,६०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ८,२००. त्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत, त्यामुळे त्यावर कर नाही. मी नव्या करप्रणालीत, त्यामुळे गृहकर्जाच्या व्याजाची सवलत मला नाही. तेव्हा तुलना सरळ होती.

० पुसून ८.२ लिहिलं. बँकेच्या ८.५ शी फरक उरला ०.३ टक्के. १२ लाखांवर वर्षाला ३,६०० रुपये. महिन्याला ३००! शिवाय दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी खातं बंद केलं की ठेवीच्या १ टक्का कापतात, म्हणजे १२,००० रुपये. वाचणार होतं त्याच्या तिप्पट पैसे पहिल्याच दिवशी गेले असते.

त्या ८,२०० रुपयांत आईबाबांची औषधं येतात. भाचीच्या लग्नातला आहेर येतो. नातवाला सुरसागरच्या काठावर आइस्क्रीम येतं. त्यासाठी त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. महिना तीनशे रुपयांसाठी मी बाबांना माझ्यापुढे हात पसरायला लावणार होतो.

हे कळायला मला उशीर झाला, कारण एकदा मी हे करून चुकलो होतो. २०१९ मध्ये गाडीसाठी बाबांकडून दोन लाख घेतले होते. "पुढच्या बोनसला देतो" म्हटलं होतं. बोनस आले आणि गेले. मी दिले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. त्या वर्षी दोघांचं काशीला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. मग कोविड आला, मग आईचे गुडघे. कोणत्याही एक्सेलमध्ये हे व्याज दिसत नाही.

शेवटी कर्ज पूर्ण ४० लाखांचं घेतलं. पण त्याआधी घराचं अंदाजपत्रक बसवलं. शाळेची फी, विम्याचे हप्ते, गणपती, आहेर, गावाला जाणं असे वर्षातून एकदोनदा येणारे खर्च एकत्र केले तर १ लाख ८० हजार झाले. म्हणजे महिन्याला १५,००० बाजूला काढायलाच हवेत. पूर्वी हे खर्च 'अचानक' यायचे आणि मी बाबांकडे बघायचो. सहा हप्त्यांइतके, २ लाख ३६ हजार, वेगळ्या ठेवीत टाकले. त्यासाठी मॉड्युलर किचन पुढे ढकललं. बायकोने मोठ्या मनाने मान्य केलं, पण तारीख लिहून घेतली. बोनस आला की तो कर्जात भरायचा. तरत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नसतो.

अंदाजपत्रकात आणखी एक ओळ घातली. 'बाबा, गाडी: महिना १०,०००, वीस महिने.' व्याज लावतो म्हटलं तर बाबा रागावले. "मुलाकडून व्याज घेऊ? आणि मुद्दलही नको." आई आतून म्हणाली, "त्यांना नको तर माझ्या खात्यात टाक. मी घेते." तेव्हापासून तिच्या खात्यात जातात.

तुमच्यापैकी बरेच जण आता घर, गाडी किंवा स्वतःचा व्यवसाय याच्या विचारात असतील. घरचे पैसे घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. कधीकधी घ्यावेच लागतात, आणि देणाऱ्याला त्यात आनंदही असतो. फक्त त्यांच्यासमोर शून्य लिहू नका. ते पैसे आज काय काम करतात, ते विचारा. तेवढा दर लिहा, परतीची तारीख लिहा. त्यानंतरही घ्यावेसे वाटले तर खुशाल घ्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाबा पोस्टात जाऊन आले. हातात लीला चिवड्याचा पुडा होता. नव्या घराच्या लिफ्टमधून आईला वर आणत म्हणाले, "घ्या, आज माझ्याकडून."